पिनहोलच्या एका उत्तरातून: फाउंड्रीसाठी लिंक्डइन वापरण्याचा अनुभव

कोल्हापूरचा फाउंड्री-व्यवसाय, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतण्याचा धंदा, पिढ्यान्‌पिढ्या तोंडओळखीवर चालत आलेला आहे. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांची कामे जोरात होती तेव्हापासून ते शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगल्याच्या औद्योगिक वसाहती भरत गेल्या तोपर्यंत नवा ग्राहक येण्याची रीत एकच होती. कोणीतरी कोणाला तरी सांगे, तो माणूस कारखान्यात येऊन बसे, चहा होई, पॅटर्न (ज्यावरून वाळूचा साचा पाडतात तो नमुना) कोणाचा आणि मटेरियल कोणते यावर बोलणे होई आणि मग दराची गोष्ट निघे. आमची शिरोलीतील फाउंड्री बाबांनी याच रीतीने उभी केली. ग्रे आयर्न आणि त्याहून चिवट असे एसजी आयर्न या बिडाच्या दोन प्रकारांची, साधारण ५ ते ८० किलो वजनाची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, आम्ही करतो. मी गुणवत्ता-विभाग पाहत होते तोवर ग्राहक कोठून येतात हा प्रश्न माझ्यापर्यंत पोहोचला नव्हता. ज्या एका ग्राहकावर आमचे निम्म्याहून अधिक टनेज अवलंबून होते त्याने पुरवठादारांची संख्या कमी करायचे ठरवले आणि आमच्याकडची त्याची मागणी दर महिन्याला उतरू लागली, तेव्हा तो प्रश्न थेट माझ्या टेबलावर आला.

लिंक्डइन हे व्यावसायिक ओळखींचे संकेतस्थळ २००३ साली सुरू झाले आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले, पण आमच्या वसाहतीत आजही ते नोकरी बदलू पाहणाऱ्यांचे ठिकाण समजले जाते. मी त्यावर फाउंड्रीसाठी काही करणार असल्याचे सांगितले तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न होता, “तिथं कोण बीड घ्यायला बसलंय गं?” प्रश्न रास्त होता. कास्टिंग ही पाहून, वाजवून आणि कापून पारखायची वस्तू आहे, आणि ती बनवणाऱ्यावर विश्वास बसायला त्याच्या भट्टीपाशी उभे राहावे लागते, असे मलाही वाटत होते आणि अजूनही बऱ्याच अंशी वाटते.

मात्र मला एका गोष्टीचा फायदा झाला. वाळू बांधणारे रेझिन, धातूतला कार्बन वाढवणारा कार्बुरायझर, फेरोसिलिकॉन आणि कास्टिंग साफ करणाऱ्या शॉट ब्लास्टिंगचे शॉट यांची खरेदी माझ्याकडे असल्यामुळे विकणाऱ्यांचे संदेश मला आधीपासून येत होते. ओळखीची विनंती स्वीकारली की नमस्काराची वाट न पाहता दोन-तीन परिच्छेदांचा मजकूर येऊन पडे, त्यासोबत कॅटलॉग येई, आणि आठवडाभरात “माझा संदेश पाहिला का” अशी विचारणा येई. आमच्याकडे कोणती भट्टी आहे, आम्ही कोणता धातू ओततो, कोअर (कास्टिंगमध्ये पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) कोणत्या पद्धतीने करतो, यांतले काहीही त्यांनी पाहिलेले नसे. अशा एकाही माणसाकडून मी कधी काही घेतले नाही, त्यामुळे आपण ग्राहकाच्या दारात याच पद्धतीने उभे राहायचे नाही एवढे मला कोणी शिकवावे लागले नाही. याउलट, एका रेझिन-पुरवठादाराच्या तंत्रज्ञाने पावसाळ्यात वाळूची आर्द्रता आणि रेझिन घट्ट करणाऱ्या कॅटॅलिस्टचे प्रमाण कसे जुळवावे यावर एक नीट लिहिलेले टिपण टाकले होते. त्याने मला कधी काही विकायचा प्रयत्न केला नाही, पण रेझिन बदलायची वेळ आली तेव्हा मीच त्याला फोन केला. हाच नमुना मी समोर ठेवला.

प्रोफाइल तयार करण्यात फार वेळ घातला नाही. नावाखालच्या ओळीला २२० अक्षरांची मर्यादा असते आणि तेवढ्यात धातू, वजनाची मर्यादा, मोल्डिंगची (साचा पाडण्याची) पद्धत आणि गाव एवढे बसते. खरेदी-विभागातल्या माणसाला पहिल्या नजरेत तेवढेच हवे असते. ध्येय, ध्यास आणि उत्कृष्टता यांनी भरलेल्या ओळी मी पुष्कळ वाचल्या आहेत आणि त्यांवरून त्या माणसाच्या कारखान्यात काय बनते हे मला क्वचितच कळले आहे.

त्यानंतर बरेच दिवस मी केवळ वाचत राहिले. कोण कोणत्या विषयावर लिहितो, कोणत्या प्रश्नांना उत्तरे मिळत नाहीत आणि उत्तरे देणाऱ्यांत खरोखर भट्टीवर काम केलेले किती, हे त्यातून समजत गेले. अशा वाचनात राजकोटच्या एका तरुण अभियंत्याचे टिपण दिसले. पंपाच्या ग्रे आयर्न बॉडीचे मशीनिंग केल्यावर आतल्या बाजूला बारीक छिद्रे (पिनहोल) उघडी पडत होती, ग्राहकाने संपूर्ण लॉट परत पाठवला होता आणि त्याने फोटो टाकून कारण विचारले होते. खाली प्रतिक्रिया पुष्कळ होत्या, पण त्या बहुतेक “आमच्याशी संपर्क करा” या वळणाच्या होत्या. एकाने वाळू बदलायला सांगितले होते, दुसऱ्याने ओतण्याचे तापमान वाढवायला, आणि त्यांपैकी कोणीही त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता.

मी प्रश्नांपासून सुरुवात केली. छिद्रे गोल आहेत की भेगेसारखी लांबट, आतून चकचकीत आहेत का, कोअरच्या बाजूला जास्त आहेत की सगळीकडे सारखी, चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत भरलेल्या मालात, स्टील स्क्रॅपचे प्रमाण किती आणि कार्बुरायझर कोणता, एवढे मी विचारले. ग्रे आयर्नमध्ये हायड्रोजनमुळे होणारी पिनहोल सहसा लहान, गोलसर आणि आतून ग्राफाइटचा पातळ थर बसल्याने चकाकणारी असतात, आणि त्यांच्यामागे ओली वाळू किंवा धातूत शिरलेले थोडेसे ॲल्युमिनियम असू शकते. नायट्रोजनची छिद्रे मात्र बरेचदा लांबट, भेगेसारखी असतात आणि रेझिनच्या कोअरलगत अधिक आढळतात. त्याची उत्तरे आली तेव्हा चित्र बऱ्यापैकी स्पष्ट झाले. पिग आयर्न (कच्चे बीड) महाग झाल्यामुळे त्यांनी इंडक्शन भट्टीत स्टील स्क्रॅपचे प्रमाण वाढवले होते, कार्बन भरून काढण्यासाठी स्वस्तातला कार्बुरायझर वापरला होता आणि त्यातच कोअरमधले रेझिनही नेहमीपेक्षा जास्त पडत होते. तीनही बाजूंनी नायट्रोजन येत होता. काही हीटवर, म्हणजे भट्टीच्या काही घाण्यांवर, कमी नायट्रोजनचा ग्राफिटाइज्ड कार्बुरायझर वापरून पाहावा, कोअरमधले रेझिन ताकद टिकेल इतपत कमी करावे, कोअरमधून वायू बाहेर जाण्याच्या वाटा (व्हेंट) तपासाव्यात, आणि एवढ्यानेही भागले नाही तर थोडे फेरोटायटॅनियम घालून नायट्रोजन बांधावा, पण टायटॅनियम वाढले की मशीनिंगची टूल लवकर झिजतात हे ध्यानात ठेवावे, असे मी लिहिले. हे सगळे मी त्याच्या टिपणाखाली, सर्वांना दिसेल असे लिहिले, आणि आमच्या फाउंड्रीचा उल्लेख त्यात केला नाही.

उघड्यावर लिहिण्यामागे कारण होते. खासगी संदेशात दिलेला सल्ला एकालाच मिळतो आणि त्याला एक अदृश्य बिल चिकटलेले असते. घेणारा अवघडतो आणि देणाऱ्याच्याही मनात कोठेतरी हिशेब सुरू होतो. चारचौघांत दिलेल्या उत्तराचे तसे होत नाही. शिवाय तेथे ते तपासलेही जाते. कोइम्बतूरच्या एका ज्येष्ठ फाउंड्रीतज्ज्ञाने माझ्या उत्तराखाली, ओतण्याआधी धातू जास्त वेळ तापत ठेवला तर त्याचाही परिणाम पाहावा, अशी मोलाची भर घातली, जी मला सुचली नव्हती. काही आठवड्यांनी राजकोटच्या त्या अभियंत्याने त्याच जागी लिहिले की कार्बुरायझर आणि रेझिन या दोन बदलांतच रिजेक्शन बरेच खाली आले आणि टायटॅनियमची गरज पडली नाही.

या उत्तराचा आम्हाला झालेला फायदा राजकोटकडून आला नाही. पुण्याजवळच्या एका पंप-कारखान्याच्या खरेदी-विभागातील बाईंनी ती सगळी चर्चा वाचली होती. त्यांनी तेथे ना प्रतिक्रिया लिहिली होती ना पसंतीची खूण केली होती, त्यामुळे त्या वाचत आहेत हे मला कळण्याचा मार्गच नव्हता. पुष्कळ महिन्यांनी त्यांचा संदेश आला. त्यांच्या एका पुरवठादाराकडून तशाच दोषाची कास्टिंग येत होती आणि त्यांना दुसरा स्रोत हवा होता. त्यांनी आधी ड्रॉइंग पाठवले नाही, आधी विचारले की तुमच्याकडे चार्ज-मिक्स कसे ठरते आणि प्रत्येक हीटची नोंद ठेवता का. त्या नोंदी दाखवणे आम्हाला अवघड नव्हते. भेट झाली, सॅम्पल झाले, पहिले सॅम्पल मापांत थोडे चुकले, दुसरे पास झाले, आणि आज तो कारखाना आमच्या नियमित ग्राहकांपैकी एक आहे. दरात मात्र त्यांनी एका पैशाचीही घासाघीस सोडली नाही. ओळखीने दार उघडते, कोटेशन इतरांशी ताडूनच पाहिले जाते.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडले होते की नवी माहिती आणि नव्या संधी जवळच्या माणसांपेक्षा दूरच्या, पातळ ओळखींतून अधिक येतात, कारण जवळच्यांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरील प्रयोगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही नोकरी बदलण्यास फार घट्ट किंवा अगदीच विरळ ओळखींपेक्षा मध्यम पातळ ओळखी अधिक उपयोगी पडल्याचे आढळले. तो अभ्यास नोकऱ्यांचा होता, ऑर्डरींचा नव्हे, त्यामुळे तो जसाच्या तसा आमच्या धंद्याला लावणे मला योग्य वाटत नाही. तरीही शिरोलीतल्या ज्यांच्याशी आमचे रोजचे येणे-जाणे आहे त्यांच्याकडून नवा ग्राहक मिळणे अवघड असते, कारण ते सगळे त्याच ग्राहकांच्या मागे असतात, एवढे मी स्वतः पाहिले आहे.

उघड्यावर उत्तर देणे हा काही न मागता देण्याचा एक प्रकार झाला. दुसरा आमच्या पॅटर्न करणाऱ्या मामांमुळे सुरू झाला. सागवानात आणि ॲल्युमिनियममध्ये पॅटर्न करण्यात त्यांचा हात धरणारा माणूस आमच्या भागात मिळणे कठीण आहे, पण त्यांचे काम दोन-तीन फाउंड्यांपलीकडे कोणाला ठाऊक नव्हते. त्यांच्या नावाने लिंक्डइनवर पान उघडू या असे मी सुचवले तेव्हा ते म्हणाले, “ताई, ते विंग्रजी मला जमायचं न्हाई. तुम्हीच लिवा, मी सांगतो.” मग आम्ही मराठीतच लिहिले. पहिले टिपण त्यांच्या श्रिंकेज पट्टीवर होते. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा थोडा मोठा करावा लागतो. ग्रे आयर्नसाठी साधारण एक टक्का, म्हणजे मीटरमागे १० मिलिमीटर, ॲल्युमिनियमसाठी त्याहून थोडे अधिक आणि स्टीलसाठी जवळजवळ दुप्पट. प्रत्येक वेळी गणित करत बसू नये म्हणून पॅटर्न करणारा प्रत्येक धातूची वेगळी पट्टी वापरतो, जिच्यावरचे खुणांमधले अंतरच वाढवलेले असते. मामांच्या पट्ट्या पितळेच्या आहेत, वापरून त्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत, आणि कोणती पट्टी कोणत्या धातूची हे ते आकड्याकडे न पाहता, टोकाला केलेल्या खाचा बोटाने चाचपून ओळखतात. त्या खाचांचा जवळून काढलेला फोटो मी टिपणासोबत टाकला.

इंग्रजीत लिहिलेल्या माझ्या कोणत्याही टिपणापेक्षा हे मराठी टिपण अधिक वाचले गेले. सांगली, सातारा, अहिल्यानगर येथील कारखानदारांनी प्रश्न विचारले, पॉलिटेक्निकच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी परवानगी मागितली, आणि जर्मनीत नोकरी करणाऱ्या एका मराठी अभियंत्याने त्याच्या आजोबांकडे अशीच पट्टी असल्याचे लिहिले. व्यावसायिक ठिकाणी इंग्रजीतच लिहिले पाहिजे ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. निर्यातीचा ग्राहक हवा असेल तर ती खरीही आहे, पण ज्या माणसाशी आपण उद्या मराठीतच दर ठरवणार आहोत त्याच्यासाठी इंग्रजीची कसरत कशाला, हे मला कळत नाही. मामांना त्या टिपणातून दोन नवी कामे आली. मी त्यांच्या पानावर शिफारस लिहिली तीही “अत्यंत कुशल” अशा शब्दांत न लिहिता, एका गुंतागुंतीच्या व्हॉल्व्ह-बॉडीच्या कोअर-बॉक्समध्ये त्यांनी कोणता बदल सुचवला आणि त्यामुळे आमचे फेटलिंगचे (ओतल्यानंतर कास्टिंग साफ करण्याचे) काम कसे कमी झाले, एवढेच लिहिले. वाचणाऱ्याला अशा शिफारशीतून काहीतरी हाती लागते.

नवी कामे आली तशी मामांचे पैसे वेळेत न मिळण्याची अडचणही पुढे आली, आणि त्यावर कायद्याचा आधार घ्यायला लागणारी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, त्यांच्याकडे नव्हती. ही नोंदणी केंद्र शासनाच्या पोर्टलवर आधार क्रमांकाने विनामूल्य होते, तरी एजंट तिचे पैसे घेतात. आम्ही ती तासाभरात केली. मग मी त्यावरच लिहिले. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. ते वेळेत दिले नाहीत तर १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ४३बी(एच) ने आकारणी वर्ष २०२४-२५ पासून आणलेल्या तरतुदीनुसार खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट पैसे प्रत्यक्ष दिलेल्या वर्षीच मिळते, आणि निव्वळ व्यापार करणाऱ्या पुरवठादारांना या तरतुदीचा लाभ नाही. आमच्या भागातील कितीतरी लहान मशीनशॉपवाल्यांना यातले निम्मेही ठाऊक नव्हते. यात एक पेच होता आणि तो मी टाळला नाही. आम्ही स्वतः मामांचे आणि त्यांच्यासारख्यांचे खरेदीदार आहोत, त्यामुळे ते टिपण लिहिण्याआधी आमचे स्वतःचे देणे ४५ दिवसांच्या आत आणावे लागले. बाबांना हे पटायला वेळ लागला.

तिसरा प्रकार, म्हणजे दोन माणसांची गाठ घालून देणे, हा दिसायला सर्वांत सोपा आणि प्रत्यक्षात सर्वांत जोखमीचा आहे. आम्ही ॲल्युमिनियमचे प्रेशर डाय कास्टिंग (धातूच्या साच्यात दाबाने ओतण्याचे काम) करत नाही, तरी त्याच्या एन्क्वायरी येतात. पूर्वी “आम्ही करत नाही” असे कळवून विषय संपत असे. आता मी विचारणाऱ्याला थांबायला सांगते, भोसरी किंवा चाकणमधल्या ज्या कारखान्याचे काम मी स्वतः पाहिले आहे त्याच्या मालकांना आधी फोन करते, त्यांच्याकडे मशीनवर जागा आहे का आणि या मापाचे काम त्यांना हवे आहे का ते विचारते, आणि दोघांचाही होकार मिळाल्यावरच दोघांना एकत्र चार ओळी लिहून बाजूला होते. न विचारता दोघांना एका संदेशात ओढले की एकाला तरी संकोच होतो, आणि नकार देणे त्याच्यावर लादले जाते. यात कमिशन घेत नाही. काहींनी देऊ केले होते, पण ते घेतले की मी मध्यस्थ ठरते आणि मग मी सुचवलेल्या नावावर पुढच्या माणसाने का विश्वास ठेवावा?

नकारही द्यावा लागतो. एकाने आमच्या जुन्या ग्राहकाशी ओळख करून मागितली, त्याचा कारखाना मी पाहिलेला नव्हता, म्हणून येऊन पाहते मग सांगते असे कळवले. त्यांना ते आवडले नाही आणि पुढे त्यांचा संदेश आला नाही. काहीजण उत्तरांपलीकडे जाऊन संपूर्ण गेटिंगचे, म्हणजे साच्यात धातू नेणाऱ्या वाटांचे, डिझाइन फुकट मागतात. त्यांना मी नम्रपणे सांगते की हे सल्लागाराचे काम आहे, आणि ते करणाऱ्या माणसाचे नाव देते. ग्राहकाचे ड्रॉइंग, पार्ट-नंबर किंवा त्याचे नाव कोरलेले कास्टिंग कोणत्याही फोटोत येऊ नये याची काळजी तर अगदी कटाक्षाने घ्यावी लागते. कौतुकाच्या भरात टाकलेला एक फोटो गोपनीयतेच्या कराराचा भंग ठरू शकतो. या सगळ्याला मी सकाळी पहिली हीट तयार होईपर्यंतचा वेळ देते, त्यानंतर फोन खिशात.

औदार्याच्या गोष्टी लिंक्डइनवर उदंड वाचायला मिळतात, आणि त्यांतल्या पुष्कळशा मला खोट्या वाटतात. कोणाला तरी मदत केल्याची हकिकत लिहून शेवटी आपल्या सेवेचा दुवा देणे हे औदार्य नव्हे, ती जाहिरातच आहे, आणि जाहिरात असण्यात गैर काही नाही, तिला जाहिरात म्हणावे एवढेच. मीही हे धंद्यासाठीच करते. फाउंड्री चालायला टनेज लागते. फरक इतकाच ठेवला आहे की ज्याला उत्तर दिले त्याच्याकडूनच काही परत यावे अशी अपेक्षा धरत नाही, आणि आपल्याला जे खरोखर येते त्यापलीकडचे देत नाही.

बाबांनी एन्क्वायरीच्या रजिस्टरात एक नवा रकाना आखला आहे, “कोणाकडून”. त्यात तोंडओळख अजून पुढे आहे. लिंक्डइनवरून येणाऱ्या एन्क्वायरी कमी असतात, पण त्यांत निरुपयोगी कमी निघतात, कारण आम्ही काय करतो हे वाचूनच माणूस आलेला असतो. राजकोटचा तो अभियंता आता दुसऱ्या कंपनीत पुरवठादार-विकासाच्या कामावर आहे. अलीकडे त्याने एसजी आयर्नच्या एका ब्रॅकेटसाठी दर मागितला. आमच्या साच्याच्या बॉक्सच्या मापात ते काम नीट बसत नव्हते, एका मोल्डमध्ये एकच नग येत होता आणि दर जुळेना, म्हणून मी त्याला बेळगावच्या एका फाउंड्रीची गाठ घालून दिली, जिच्याकडे मोठ्या मापाची मोल्डिंग लाइन आहे. काम त्यांना मिळाले. पहिल्या लॉटच्या नॉड्युलॅरिटीवर, म्हणजे धातूतले ग्राफाइट किती गोल झाले यावर, दोघांत मतभेद झाला आहे आणि मायक्रोस्कोपचे फोटो दोघांनीही मलाच पाठवले आहेत.